व्हॅनिला मिल्कशेक जमवायचा तर आधी दूध कमी करा

एप्रिलमध्ये नाशिकचा पारा चाळिशीच्या आसपास पोचला की कॉलेज रोड आणि गंगापूर रोडवरच्या कोल्ड्रिंकच्या दुकानांपुढे संध्याकाळी गाडी लावायला जागा मिळत नाही. आतल्या पाटीवर शेकची ही लांब यादी. चॉकलेट, सीताफळ, काजू-अंजीर, बिस्किटांचे नाना प्रकार. व्हॅनिला त्या यादीत कुठेतरी कोपऱ्यात, बहुधा सगळ्यांत स्वस्त, आणि सहसा कुणी मागत नाही. शेक करायला शिकायचं असेल तर मात्र सुरुवात त्याच्यापासूनच करावी. त्यात काही झाकता येत नाही. आइस्क्रीम हलकं असो, दुधाला वास असो की मिक्सरच्या भांड्यात कालची लसूण मुरलेली असो, पहिल्या घोटात सगळं उघडं पडतं. चॉकलेट सिरप असल्या चुका पोटात घालतं.

घरोघरी आपण ज्याला मिल्कशेक म्हणतो तो म्हणजे पेलाभर दूध, दोन चमचे साखर, एखादं फळ आणि बर्फाचे चार खडे मिक्सरमधून फिरवलेले. पाहुणे आले तर वर आइस्क्रीमचा गोळा. चिकूचा शेक असा झकास होतो, कारण दाटपणा चिकूच्या गरातून येतो. व्हॅनिलाला गर कुठला? त्याच हिशोबाने केलात तर गोड, पांढरं, पाणचट दूध हाती येईल आणि वर तरंगणारा फेस. अमेरिकेत रुळलेला जुना व्हॅनिला शेक याच्या बरोबर उलटा आहे. त्यात आइस्क्रीम मुख्य आणि दूध फक्त पातं फिरावं एवढंच. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

थोडा इतिहास, कारण तो कामाचा आहे

१८८५ च्या सुमारास अमेरिकेत मिल्कशेक म्हणून जे मिळायचं त्यात अंडं आणि व्हिस्की असायची. पुढे दारू गळाली, सिरपं आली. दरम्यान इंग्लंडहून तिकडे गेलेले जेम्स आणि विल्यम हॉर्लिक हे भाऊ विस्कॉन्सिन राज्यातल्या रसीन गावात स्थिरावले होते, आणि १८८३ मध्ये त्यांच्या माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) घातलेल्या दुधाच्या पावडरीला पेटंट मिळालं होतं. होय, आपल्या स्वयंपाकघरातल्या बरणीवर नाव आहे तेच हॉर्लिक. ही पावडर औषधांच्या दुकानांत पोचली. तिकडे औषधांच्या दुकानातच सोडा-सरबतांचा काउंटर असायचा, त्याला सोडा फाउंटन म्हणत. १९२२ मध्ये शिकागोत वॉलग्रीन्सच्या अशाच एका काउंटरवर आयव्हर कूल्सन नावाच्या माणसाने माल्टेड दुधात व्हॅनिला आइस्क्रीमचे गोळे टाकून घुसळले. दाट शेकला चालना मिळाली ती तिथून. गंमत म्हणजे भांड्याच्या तळाशी फिरणारं पातं बसवण्याची कल्पना स्टीफन पोप्लॉस्की यांनी मांडली तीही १९२२ मध्येच, रसीनमध्येच, आणि माल्टेड शेक घुसळायलाच. आपला मिक्सर त्याच कुळातला.

हे सांगायचं कारण: बरणीतली माल्ट पावडर ही शेकमधली भेसळ नव्हे, ती त्याची थोरली बहीण आहे. तिच्याबद्दल पुढे बोलू.

आइस्क्रीम: डबा उलटा करून वाचा

इथे पैसे वाचवू नका. आणि सगळ्यात आधी डब्यावर ‘आइस्क्रीम’ लिहिलंय की ‘फ्रोझन डेझर्ट’ ते बघा. फ्रिझरमध्ये दोन्ही शेजारीशेजारी असतात, रंगरूप सारखं, आणि घाईत हात कुठल्याही डब्यावर पडतो. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांनुसार नुसतं ‘आइस्क्रीम’ म्हणून विकायचं तर त्यात किमान १० टक्के दुधाचा स्निग्धांश लागतो. फ्रोझन डेझर्टमध्ये वनस्पती तेल चालतं. ते खायला वाईट असतं असं नाही, पण शेकमध्ये टाळ्याला एक तेलकट थर चिकटून राहतो आणि दुधाची चव पुढे येत नाही. व्हॅनिला शेकमध्ये दुधाच्या चवीशिवाय आहेच काय?

दुसरी गोष्ट हवा. आइस्क्रीम करताना त्यात हवा घुसळतात, ती हवीच, नाहीतर दगड होईल. पण किती, हे ब्रँडगणिक बदलतं. नियमानुसार एक लिटर आइस्क्रीमचं वजन किमान ५२५ ग्रॅम भरायला हवं. म्हणजे जवळपास निम्मा डबा हवेचा असला तरी ते कायद्यात बसतं. काही डब्यांवर मिलिलिटर आणि ग्रॅम दोन्ही छापलेले असतात. ७०० मिलीचे दोन डबे हातात घ्या. ज्यावर ग्रॅम जास्त, तो शेकसाठी चांगला. ग्रॅम छापलेले नसतील तर नुसते दोन हातांत तोलून बघा, फरक कळतो.

डबा घरी नेताना स्कूटरच्या डिकीत टाकू नका. सीटखाली इंजिनाची धग लागते, आणि नाशिक रोडहून पंचवटीपर्यंत भर दुपारी आलात तर झाकण उघडल्यावर बासुंदी दिसेल. चार-पाच वर्तमानपत्रांत गुंडाळून पुढे हुकला अडकवलेली पिशवी बरी. कडा विरघळून पुन्हा गोठलेलं आइस्क्रीम नुसतं खायला खरखरीत लागतं, शेकमध्ये मात्र खपून जातं. पण वीज तासन्‌तास गेली आणि डबा पूर्ण पातळ होऊन कोमट झाला, तर तो पुन्हा गोठवून वापरू नका. दुधाचा पदार्थ आहे.

दूध

पिशवीचं फुल क्रीम घ्या. त्यात ६ टक्के स्निग्धांश असतो. टोन्डमध्ये ३ टक्के असतो, तेही अगदीच वाया जात नाही. सुटं दूध असेल, भद्रकालीतल्या दूधबाजारातून आणलेलं किंवा घरी रतीबाने येणारं, तर ते उकळून, निववून, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून मगच वापरा. आणि गाळून घ्या. साय शेकमध्ये गेली की चोथ्यासारखी दातांत येते.

म्हशीच्या दाट, थंडगार दुधाचा एक धोका आहे. मिक्सर जास्त वेळ फिरवला तर लोणी सुटतं. शेकवर बारीक पांढरे कण दिसायला लागतात आणि मग त्याला इलाज नाही, गाळणं एवढंच. आजी रवीने तेच तर करायची, फक्त मुद्दाम.

व्हॅनिला

मूळची ही मेक्सिकोच्या बाजूच्या एका ऑर्किडची शेंग. मेक्सिकोबाहेर वेल वाढायचा, फुलं यायची, शेंगा मात्र धरत नसत. १८४१ मध्ये हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर एडमंड अल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने बारीक काडीने फूल हाताने फळवण्याची सोपी रीत शोधली, आणि आजही मळ्यांत तेच हाताने चालतं. सगळ्यात जास्त पीक मादागास्करमध्ये निघतं. आपल्याकडे केरळ-कर्नाटकातही वेल आहेत. हिरव्या शेंगेला तो वास नसतोच. महिनोन्‌महिने वाफवणं, वाळवणं, घाम फोडणं झालं की तो येतो. म्हणून ती महाग.

दुकानातल्या छोट्या बाटलीत बहुतेक वेळा असतं ते व्हॅनिलिन, म्हणजे शेंगेतल्या मुख्य वासाचं प्रयोगशाळेत केलेलं रूप. जर्मनीत ते १८७४ मध्येच साधलं. त्याला नाकं मुरडण्यात अर्थ नाही. चांगल्या आइस्क्रीमसोबत त्याचे दोन-तीन थेंब पुरतात. जास्त घातलं तर कडवट, औषधी चव येते. थंडीने जिभेला गोडी आणि नाकाला वास दोन्ही कमी जाणवतात, म्हणून थेंब घालायचे. नाहीतर आइस्क्रीममध्ये व्हॅनिला असतोच.

शेंग मिळाली तर मधोमध चिरा, सुरीच्या बोथट बाजूने आतले काळे दाणे खरवडा आणि ते दाणे शेकसाठीच्या कोमट दुधात तासभर मुरवून दूध पुन्हा थंड करा. थंड दुधात थेट टाकले तर वास उतरत नाही, नुसते ठिपके दिसतात. उरलेली साल साखरेच्या बरणीत खुपसून ठेवा.

आता करायला घ्या

एका मोठ्या ग्लाससाठी, म्हणजे साधारण ३०० मिलीसाठी: आइस्क्रीम २०० ग्रॅम, दूध ७५ मिली, व्हॅनिला दोन-तीन थेंब, मिठाची अगदी चिमूट. वजनकाटा नसेल तर आमटीच्या नेहमीच्या वाटीने गच्च दाबून अडीच वाट्या आइस्क्रीम आणि अर्धी वाटी दूध. साखर नाही. बर्फ तर नाहीच नाही.

पहिलं काम वासाचं. मिक्सरचं मोठं भांडं घ्या, चटणीचं नको, आणि झाकणाची रबरी रिंग काढून हुंगा. बहुतेक घरांत वास भांड्यात नसतो, त्या रिंगेत असतो. लिंबाची साल आणि कोमट पाणी घालून भांडं एकदा फिरवा, रिंग साबणाने वेगळी धुवा. मग भांडं, पात्यासकट, पंधरा मिनिटं फ्रिझरमध्ये. ग्लासही तिथेच ठेवा. ओल्या हाताने काढू नका, चिकटतो. काचेपेक्षा भांडीबाजारात मिळणारा उंच स्टीलचा पेला मला बरा वाटतो, थंड पटकन होतो आणि फुटत नाही.

भांडं गार होतंय तोवर आइस्क्रीम नरम करा. घरच्या फ्रिझरमध्ये ते उणे १८ अंशांच्या आसपास असतं, दगडासारखं. तसंच टाकलं तर पातं अडतं, मग आपण दूध ओततो, आणि तिथेच शेक बिघडतो. डबा खालच्या कप्प्यात पंधरा-वीस मिनिटं ठेवा. ओट्यावर ठेवलात तर एप्रिलात पाच मिनिटं पुष्कळ. डिसेंबरात, निफाडकडे पारा खाली-खाली जात असतो तेव्हा, दहा-बारा. खूण अशी: चमचा जोर न लावता आत जावा, पण आइस्क्रीमला ओल सुटलेली नसावी.

भांड्यात आधी दूध, मग मीठ आणि व्हॅनिला, मग आइस्क्रीम. क्रम उलटा केला तर पात्याभोवती गोळा अडकून बसतो.

मिक्सरचा नॉब उलट्या बाजूला धरून ठेवायचा तो पल्स. दोन-दोन सेकंदांचे तीन-चार झटके द्या. बंद करा, झाकण काढा, उलथन्याने वरचं खाली करा. मग एक नंबरवर दहा ते पंधरा सेकंद. बस. इथे कान लावा. सुरुवातीला आवाज अडखळता, घरघरता असतो; सगळं मिळून आलं की एकसुरी होतो. आवाज एकदम हलका, रिकामा झाला तर पात्याभोवती हवेचा खिसा तयार झालाय, शेक वर टांगलेला आहे आणि खाली पातं नुसतंच फिरतंय. बंद करून हलवा. तरीही नाही उतरलं तर दूध एक चमचा, एकच.

आपले मिक्सर वाटण वाटायला बनवलेले. वेग प्रचंड, पातं धारदार. दुकानात उंच स्टीलच्या पेल्यात वरून दांडी सोडलेलं यंत्र दिसतं, त्याच्या टोकाला पातं नसतं, बोथट चकती असते. ती कापत नाही, घुसळते. म्हणून तिथे मिनिटभर फिरवलं तरी चालतं. आपण मिनिटभर फिरवलं तर पात्याच्या घर्षणाने शेक गरम होतो, हो गरमच, आणि हवा निघून जाते.

झाला का, ते चमच्याने बघा. उचलून तिरपा केला तर धार लागू नये, गोळा सरकून पडावा. स्ट्रॉ उभी केली तर क्षणभर उभी राहावी आणि मग सावकाश कलावी. आडवी झाली तर पातळ, हललीच नाही तर ते अजून आइस्क्रीमच आहे.

होस्टेलवर किंवा पाथर्डी फाट्याकडच्या भाड्याच्या खोलीत मिक्सर नसेल तरी अडत नाही. उंच पेल्यात नरम आइस्क्रीम काट्याने आधी नुसतं फेटून मलईसारखं करा, मग दूध चमच्या-चमच्याने. रवी असेल तर उत्तम. हात दुखतात, पण लोणी सुटायची भीती राहत नाही.

बिघडलं तर

पातळ झाला? बर्फ घालायचा मोह आवरा, बर्फाने फक्त पाणी वाढतं. आणखी आइस्क्रीम घाला. ते संपलं असेल तर पसरट ताटलीत ओतून अर्धा तास फ्रिझरमध्ये ठेवा, कडा गोठल्या की दोन पल्स. हलक्या आइस्क्रीमवर निभावायचं असेल तर सुरुवातीलाच एक मोठा चमचा दुधाची पावडर घाला, अंग येतं. गोडी कमी वाटली तर पिठीसाखर. साध्या साखरेचे कण इतक्या थंडीत विरघळत नाहीत, खालीच बसतात. उरलेला शेक ठेवायचा विचार करू नका. तासाभरात वर फेस आणि खाली दूध.

माल्ट, आणि नाशिकचे मोह

साधा शेक दोनदा नीट जमला की पुढच्या वेळी दुधात दोन छोटे चमचे हॉर्लिक्स किंवा तसली कुठलीही साधी माल्ट पावडर आधी कालवून घ्या. गुठळी राहू देऊ नका. भाजल्या धान्याची खमंग चव येते, गोडवा जरा दबतो. मला स्वतःला साध्यापेक्षा हाच आवडतो. चॉकलेटची पावडर नको, तिने व्हॅनिला संपतो.

नाशिकमध्ये राहायचं आणि द्राक्षं घालायची नाहीत, हे अनेकांना जड जातं. घालू नका. द्राक्षाला गर कमी, पाणी आणि आंबटपणा जास्त. शेक पातळ होतो आणि साली पात्यात अडकतात. बेदाणे तासभर दुधात भिजवून वाटलेत तर गोष्ट वेगळी. हिवाळ्यात सुरगाण्याकडची स्ट्रॉबेरी येते, ती मात्र व्हॅनिलाला मानवते: चार-पाच फळं थोड्या साखरेत शिजवून, गाळून, थंड करून पेल्याच्या तळाशी घाला आणि वरून शेक ओता. मिक्सरमध्ये नको.

रविवारी झणझणीत मिसळीवर लगेच शेक प्यावा का, हा इथला नेहमीचा वाद. दुधातलं केसीन हे प्रथिन तिखटाचा दाह उचलतं, हे खरं. पण तर्रीने भरलेल्या पोटावर पाव किलो आइस्क्रीम ही शिक्षा कशाला? तासभर थांबा.

बाहेर प्यायचा असेल तर

काउंटरवर सरळ विचारा, “दादा, व्हॅनिला शेकमध्ये आइस्क्रीम फिरवता, की दूध-बर्फ फिरवून वर गोळा ठेवता?” विचारल्याचा राग कुणाला येत नाही. “फिरवतो ना, पण थिक शेक म्हणा, त्याचे पैसे जास्त आहेत,” असं उत्तर आलं तर थिक शेक घ्या, तोच तुम्हाला हवा आहे. “बर्फ नका टाकू” हे वेगळं सांगावं लागतं, सवयीने हात जातो. बर्फ लादीचा दिसला तर रंगावर नजर असू द्या. खाण्यासाठी नसलेला बर्फ निळसर करावा असा नियम आहे, आणि असा बर्फ शेकच्या आसपास दिसला तर उठावं. पहिला घोट स्ट्रॉने न घेता चमच्याने घ्या. प्लॅस्टिकच्या स्ट्रॉवर जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, आणि कागदी स्ट्रॉ दाट शेकपुढे पाच मिनिटांत मान टाकते. घरी जाड स्टीलची स्ट्रॉ घेऊन ठेवा, सोबत ती धुवायचा बारीक ब्रशही.

चार पाहुणे आले तर

एकदम चार ग्लासांचं भांड्यात भरू नका. भांडं निम्म्यापेक्षा जास्त भरलं की वरचं आइस्क्रीम पात्यापर्यंत पोचत नाही आणि खालचं तोवर पातळ होतं. दोन-दोन ग्लासांचे दोन घाणे करा. ७०० मिलीचा एक डबा एका घाण्याला पुरतो, म्हणजे दोन डबे आणा, आणि दुसरा डबा पहिला घाणा फिरवायला घेताना फ्रिझरमधून खाली काढा, आधी नाही. पहिले दोन ग्लास भरून फ्रिझरमध्ये ठेवले तर दहा मिनिटं तग धरतात. दोन घाण्यांच्या मध्ये भांडं गार पाण्याने विसळून पुसून घ्या. मिक्सरची मोटर तेवढ्यात जरा निवते. शेवटचा घाणा झाला की भांड्यात कोमट पाणी आणि साबणाचा थेंब घालून लगेच फिरवा, आणि ती रबरी रिंग पुन्हा काढून धुवा. दुधाचा ओशटपणा तिच्यात राहिला तर उद्याच्या चटणीला वास येईल.